शेवाळावरून पाय घसरून

कडुनिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर नाकात शिरला की माझी पाठ आपोआप ताठ होते. मनीषनगरच्या आमच्या गल्लीत संध्याकाळी कुणीतरी डास घालवायला पाला पेटवते, आणि मी हातातले काम खाली ठेवून, कुणी न सांगता, खांदे सरळ करून उभी राहते. आश्रमात दिवेलागणीला लोखंडी घमेल्यात निखारे घालून त्यांवर हा पाला टाकत. घमेले मुलींच्या लांबोड्या खोलीच्या मधोमध ठेवले जाई, खिडक्या लावून घेतल्या जात, आणि धूर अंगावर बसेपर्यंत आम्ही सगळ्याजणी भिंतीला पाठ टेकून उभ्या राहत असू. खोकायचे नाही, असा नियम होता. डोळ्यांना धारा लागल्या की मोजणी होई. मोठ्या बाई दाराच्या चौकटीत उभ्या राहून बोटाने हवेत टिपके देत मोजत, आणि ज्या मुलीपाशी ते बोट क्षणभर जास्त रेंगाळे, तिला कळे की उद्याचा दिवस आपला नाही.

मोठ्या बाई म्हणजे आश्रमाच्या अधीक्षिका. त्यांना नाव होते, पण ते मी कितीतरी वर्षांनी न्यायालयाच्या कागदावर पहिल्यांदा वाचले. येथे ते लिहिणार नाही. निकाल अजून लागायचा आहे. खाप्याच्या अलीकडे, कन्हान नदीच्या काठापासून हाकेच्या अंतरावर ती चिरेबंदी इमारत होती, आणि मी आठ वर्षांची असल्यापासून ती माझे घर होती. घर हा शब्द मी विचारपूर्वक लिहिते आहे. तिथल्या फरशीचा गारवा माझ्या तळव्यांना अजून पाठ आहे. पहाटे जात्याची घरघर, मग पितळी घंगाळाला लागणाऱ्या राखेचा करकर आवाज, मग स्वयंपाक करणाऱ्या गिरजाबाईंचा खोकला. त्यांना मात्र खोकायची मुभा होती. ज्वारीची भाकर, तुरीचे पातळ वरण, आणि हंगामात अंबाडीची भाजी, इतकी आंबट की उपाशी पोटात ती आधी टोचे आणि मग शांत होई. मी वाटीच्या कडेला बोट फिरवत बसले की गिरजाबाई चुलीमागून ओरडत, "ये पोट्टी, जेवून राहिली का भांडं घासून राहिली? घासतच असशील तं बाकीच्याही आण!" सगळ्याजणी हसत. हसणे फक्त स्वयंपाकघरात चाले.

आमची बोली मोठ्या बाईंना सहन होत नसे. 'का' ऐवजी 'काहून' विचारणारीला उत्तर मिळत नसे. "मले भूक लागली," असे कुणी म्हटले की त्या मंद हसून म्हणत, "मला म्हण. मग विचार करू." 'मला' म्हटल्यावरही त्या विचारच करीत. त्यांचे उच्चार स्वच्छ होते, वाक्य पूर्ण असे, क्रियापद शेवटी जाऊन नीट टेकत असे. मी ते कानांनी पीत होते. पुढे जन्मभर मी मुलींना मराठी शिकवले, कवितांची दोन सडपातळ पुस्तके माझ्या नावावर आहेत, आणि आज ज्या भाषेत मी हे लिहिते आहे ती मला कुणी दिली हे विसरण्याची सोय मला नाही.

माझ्याशेजारी झोपणारी मंदा मात्र 'मले' सोडायला तयार नव्हती. तिला मामाने आणून सोडले होते. जाताना त्याने तिच्या हातावर दोन पेरू ठेवले होते, आणि त्यातला एक तिने मला न मागता दिला होता, एवढ्यावर आमची मैत्री झाली. "मले मलेच म्हणीन मी," ती सांगे, "जीभ काय तिच्या बापाची हाय का?" माझ्या शुद्ध बोलण्याची ती हुबेहूब नक्कल करी. "अहो सुमनताई, आपण अंबाडी भक्षण करणार का?" असे म्हणून ती तोंडावर पदराऐवजी फाटका टॉवेल धरी, आणि मला हसू दाबता दाबता ठसका लागे.

माझे अक्षर चांगले होते. पाचवीत असताना मोठ्या बाईंनी फळ्यावरचा सुविचार पाहून विचारले, हा कुणी लिहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी मला कचेरीच्या ओसरीवर बोलावणे येऊ लागले. आश्रमाची ती रीतच होती. कारकून आठवड्यातून एकदा येई, आणि बाकीचे सारे लिखाण अक्षर चांगले असलेल्या एखाद्या मुलीकडून करून घेतले जाई. मोठ्या बाई सांगत, मुलगी लिहीत असे. माझ्याआधी कुणी होती, माझ्यानंतरही कुणी असेल. कोमट पाण्यात शाईची वडी टाकली की निळा धागा सुटत सुटत तळाशी जाई, आणि त्याला एक लोखंडी, किंचित आंबूस वास येई. मी पट्टीने समास आखत असे. साठ्याची वही, पाहुण्यांच्या शेऱ्यांची वही, मुलींच्या दुखण्याखुपण्याची वही. त्या ओसरीवर वाळ्याचा पडदा होता. बाकीच्या मुली गहू निवडत, शेणाने अंगण सारवत, आणि मी त्या ओल्या सावलीत बसून वेलांट्या काढत असे. काम झाल्यावर मोठ्या बाई आपल्या कपातला उरलेला चहा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवत. एवढेच. पण त्या बशीसाठी मी सकाळपासून दुपारची वाट पाहत असे.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आश्रमाच्या विहिरीने तळ गाठला. पिण्याचे पाणी बैलगाडीवरच्या पिंपातून येई, आणि धुणे आठवड्यातून एकदा नदीवर जाई. विहिरीजवळचा धुण्याचा दगड इतका तापे की त्यावर चुकून पाय पडला तर फोड येत. लाकडी मोगरी, जिने एरवी सकाळभर कपडे बडवले जात, ती कोठीच्या दारामागे उभी असायची. अशा दिवसांत नागपुराहून तपासणीच्या बाई आल्या. तपासणी म्हणजे ट्रंकेतले डांबरगोळ्यांच्या वासाचे फ्रॉक दोन तासांसाठी अंगावर, स्वागतगीत, आणि पंगतीला शिरा. तपासणीच्या बाई चांगल्या असाव्यात. त्यांनी पंगतीतून फिरताना मायेने विचारले, "पोटभर मिळतं ना गं मुलींनो?" आम्ही शिकवल्याप्रमाणे एका सुरात हो म्हटले. सूर विरल्यावर मंदाचा आवाज आला.

"नाई. आज शिरा हाय म्हणून हाय. उद्यापासून तेच वरणाचं पाणी."

तपासणीच्या बाई हसल्या, मोठ्या बाईंकडे वळून म्हणाल्या, "धीट आहे हो तुमची मुलगी." मोठ्या बाईही हसल्या. दुपारी शेऱ्यांच्या वहीत 'व्यवस्था समाधानकारक' असे लिहून पाहुण्या निघून गेल्या, आणि फ्रॉक परत ट्रंकेत गेले.

तीन दिवस काही झाले नाही. मोजणीच्या वेळी ते बोट मंदापाशी थांबले नाही. उलट दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी तिला जवळ बसवून तिच्या डोक्याला तेल लावले, वेणी घातली. मंदा मला खूण करून हसली. गिरजाबाई दारातून ते पाहत होत्या, आणि त्यांच्या हातातली परात बराच वेळ तशीच राहिली होती. लहान मुलांना भीतीचा वास येतो असे म्हणतात. मला आला होता. तेलाचा, खोबऱ्याचा, गोड वास होता तो. मी मंदाला काही बोलले नाही. बोलण्यासारखे माझ्याकडे काय होते?

चौथ्या दिवशी दुपारी मी ओसरीवर समास आखत होते. उन्हाने कौले तडतडत होती. कोठीचे दार लागल्याचे ऐकू आले, आणि मग मोगरीचा आवाज. कपडे धुतल्याचा आवाज, धप्, थांबून पुन्हा धप्. मला वाटले, धुणे आहे. आणि त्याच क्षणी आठवले की पाणी नाही. पट्टी माझ्या हाताखालून सरकली आणि समासाची रेघ वाकडी गेली. गिरजाबाई स्वयंपाकघरातून अंगणात आल्या, कोठीकडे दोन पावले चालल्या आणि थांबल्या. मग माझ्याजवळ येऊन, कधी नव्हे इतक्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "तू रेघा मार माय. तू वर पाहू नको." मी वर पाहिले नाही.

थोड्या वेळाने मोठ्या बाई आल्या. केस सुटले होते, चंदनी साबणाच्या वासात घाम मिसळला होता. त्या खुर्चीवर बसल्या, पदराने तळहात पुसले आणि म्हणाल्या, "दुखण्याची वही काढ. लिही. मंदा, पडल्यामुळे हाताला दुखापत." मी लिहू लागले. नाव लिहून झाले आणि माझा टाक थांबला. वाक्य मला उघडेबोडके वाटले. निबंधात कारण द्यावे, असे त्यांनीच शिकवले होते.

"बाई, कशी पडली ते लिहू?"

त्यांनी माझ्याकडे फार वेळ पाहिले. "तूच लिही," त्या म्हणाल्या.

मी लिहिले: विहिरीजवळील धुण्याच्या दगडावर शेवाळ असल्याने शेवाळावरून पाय घसरून पडली व उजव्या हातास मार बसला.

शेवाळ हा शब्द मला त्याच वर्षी एका धड्यात भेटला होता. त्याचा ओला, हिरवा, मऊ स्पर्श माझ्या जिभेला आवडला होता, आणि तो कुठेतरी वापरायची मी वाट पाहत होते. मोठ्या बाईंनी ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि त्यांचे खांदे सैल झाले. त्या दिवशी त्यांनी बशी भरून दिली, उरलेला नव्हे, माझ्यासाठी केलेला चहा, साखर घालून. तो मला गोड लागला. हे लिहायचे नसेल तर हे प्रकरण लिहिण्यात अर्थ नाही.

मंदाला डॉक्टरकडे नेले नाही. गावातल्या हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कांबी बांधल्या, आणि हात कोपरापासून वाकडा बसला तो कायमचा. कितीतरी दिवस मी तिला माझ्या हाताने घास भरवले. "आता मी राणी झाली वं," ती म्हणे, आणि कण्हण्याच्या मध्येच हसे. मग एकदा, घमेल्यातला धूर विरून गेल्यावर, ती कुजबुजली, "मोगरीनं धुतलं तिनं मले. कपडा बी इतका धूत नाई कोणी." मी तिच्या तोंडात भाकरीचा तुकडा ठेवला. वहीविषयी मी तिला सांगितले नाही, ना तेव्हा, ना सातवीनंतर आमच्या वाटा फुटेपर्यंत.

गेल्या वर्षी एका दुपारी दाराची घंटा वाजली. दारात पांढऱ्या केसांची, ठेंगणी बाई उभी होती, आणि तिची पिशवी वाकड्या कोपरात अडकवलेली होती. "ओळखलं का, सुमनताई, का अंबाडी भक्षण करून ईसरली?" ती म्हणाली, आणि मी दार पूर्ण उघडले. मंदा. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तिने डाव्या हाताने खोकी बांधत आयुष्य काढले होते. चहा पिता पिता तिने सांगितले की चौकात फ्लेक्स लागला होता, मोठ्या बाईंच्या सत्काराचा, अनाथ मुलींची आई म्हणून. "हारातला फोटो वं, हसता. बसमधून मंधातच उतरली मी. तिथून सरळ ठाण्यात." ठाण्यात तिला दोनदा परत पाठवले. "साहेब म्हणे, मावशी, इतक्या वर्षांनं कायले आता? मी म्हटलं, साहेब, हात तं अजून वाकडाच हाय. तो सरळ झाला असता तं मी बी आली नसती." तिसऱ्यांदा तक्रार लिहून घेतली गेली. हाड मोडणे हा गंभीर गुन्हा आहे आणि असल्या गुन्ह्याला वर्षांची मुदत लागत नाही, हे तिला एका वकिलाने सांगितले होते. आणखी चारजणी बोलायला तयार झाल्या. त्यांनी काय सांगितले ते मी लिहिणार नाही. ते त्यांचे आहे. माझ्याकडे ती साक्ष मागायला आली होती. "तू ओसरीवर बसत होती न. तुले आवाज आला असंल." मी म्हटले, आला होता. तिने माझा हात आपल्या चांगल्या हातात घेतला, आणि मला तो काढून घ्यावासा वाटला.

सरकारी वकील तरुण मुलगी होती, चष्मा सारखा वर सारणारी. तिने टेबलावर एक छायाप्रत ठेवली. "संस्थेनं सगळ्या जुन्या वह्या जपून ठेवल्या होत्या, मॅडम. बचाव पक्षानं हीच दाखल केली. ही एक ओळ आपली केस खाऊन राहिली आहे. इतकी साफ नोंद, त्याच दिवसाची. शेवाळबिवाळ कोणी खोटं लिहितं का? अक्षर आरोपीचं नाही. ते म्हणतात कारकुनाचं, आणि तो तर गेला." कागदावर माझा ळ होता. त्याच्या दोन्ही पोटांना मी देत असे तेवढाच डौल, आणि डाव्या बाजूला वाकडी गेलेली समासाची रेघ. "तुम्ही ओळखता का हे अक्षर?" तिने विचारले. पंखा फिरत होता, कागद हलत होता. "नाही सांगता येत," मी म्हणाले. साठीच्या उंबरठ्यावर, कुणी न सांगता, मी ती ओळ पुन्हा एकदा लिहिली होती.

मंदाची साक्ष माझ्या आधी झाली. साक्षीदार म्हणून मला आत बसता येत नव्हते, म्हणून तिने ती न्यायालयाच्या उपाहारगृहात समोसा खाता खाता मला करून दाखवली. "तो वकील मले म्हणे, शेवाळावरून पाय घसरला हे खरं ना? मी म्हटलं, नाई. मंग म्हणे, लिहिणाऱ्याला काय स्वप्न पडलं? मी म्हटलं, लिहिणाऱ्यालेच विचारा न साहेब, मले काय विचारता!" ती हसली. मग समोसा खाली ठेवून म्हणाली, "कोण असंल वं तो मेला? माहा हात मोडला तो तिनं. पण खोटं मले त्यानं पाडलं." मी पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा आहे हे ओठांना लागल्यावर कळले.

माझ्या तारखेच्या दिवशी मी वकील मुलीला जिन्याजवळ गाठले आणि सांगितले. तिचा चष्मा नाकावर तसाच घसरलेला राहिला. "हे तुम्ही आज सांगता, मॅडम? तुमच्या जबाबात नाही हे. ते फाडून खातील तुम्हाला." मग, "मंदाताईंना माहीत आहे?" मी नकारार्थी मान हलवली. "मग आधी त्यांना सांगा न. आतच आहेत त्या." मी दारापर्यंत गेले. मंदा दुसऱ्या बाकावर बसली होती; मला पाहून तिने वाकडा हात उंचावून मला धीर दिला. त्याच वेळी शिपायाने माझ्या नावाचा पुकारा केला.

मोठ्या बाईंना खुर्ची दिली होती. पांढरी साडी, काठीच्या मुठीवर दोन्ही हात. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढले तेव्हा त्यांनी मान वर केली, आणि त्यांचे एक बोट काठीवर हलके हलू लागले. माझी पाठ ताठ झाली. वकील मुलीने ओळ वाचली आणि अक्षर कुणाचे म्हणून विचारले. मी म्हणाले, माझे. मागच्या बाकांवर काय झाले ते मी पाहिले नाही. मी वर न पाहण्यात तरबेज आहे. दगडावर शेवाळ होते का, तिने विचारले. मी सांगितले की विहीर आटलेली होती, दगड कोरडा ठणठणीत होता, वहीवरचा महिना कुणीही पाहावा. शेवाळ फक्त माझ्या वाक्यात होते. ते कुणी सांगितले? पडल्यामुळे, एवढे बाईंनी सांगितले. शेवाळ माझे. न्यायाधीशांनी कागद आणि पेन पुढे करायला लावून मला ती ओळ लिहून दाखवायला सांगितले. शाळेत हजारो वेळा फळ्यावर लिहिलेला ळ माझ्याच्याने निघेना. मग निघाला, अगदी तसाच.

उलटतपास लांबला. "तुम्ही लेखिका आहात. कल्पना करणं तुमचा धंदाच," बचावाचे वकील म्हणाले. "तेव्हा खोटं लिहिलंत की आज बोलताय?" मी म्हणाले, तेव्हा. "कशावरून विश्वास ठेवायचा?" मी म्हणाले, ठेवू नका, विहिरीला विचारा. हे उत्तर मला तिथे फार चांगले वाटले, आणि वाटल्याबरोबर माझी मला किळस आली. "आणि खोटं लिहिण्याबद्दल शिक्षा झाली तुम्हाला?" नाही. "धमकी?" नाही. "मग काय मिळालं?" मी सांगितले. बशीभर चहा. मागे कुणीतरी हसले. मोठ्या बाईंचे बोट थांबले होते.

वकील मुलगी बाहेर येऊन म्हणाली की ती ओळ पुराव्यातून कदाचित पडेल, कदाचित नाही पडणार. पण आता ती एकटी उभी नाही, तिच्यासमोर माझी साक्ष आहे. मी तिचे शब्द ऐकत होते आणि व्हरांड्याच्या टोकाकडे पाहत होते. लोकांच्या वर्दळीत मंदा भिंतीला पाठ लावून उभी होती. तिची पिशवी खाली पडलेली होती आणि ती उचलायचे तिला सुचत नव्हते. मी जवळ गेले. मी वाकून पिशवी उचलली, तिच्या कोपरात अडकवायला गेले, आणि तिने हात मागे घेतला. शिवी येईल असे मला वाटले. मी तिची वाटच पाहत होते, शिवी आली असती तर बरे झाले असते. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले, बारकाईने, जणू त्यात अजून ती अकरा वर्षांची मुलगी कुठे आहे ते शोधत होती, जिला तिने न मागता पेरू दिला होता, जिने तिला रोज घास भरवला होता. मग तिने विचारले,

"काहून?"